शिवारातील औषधे आणि समुद्राची तपासणी

परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरी हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. येथील पुष्कळ लोकांस समुद्राचे दर्शन घडते ते मुंबईस कामानिमित्त गेल्यावर, नाहीतर रामेश्वर-जगन्नाथपुरीच्या यात्रेत. अशा गावच्या शेतकऱ्यांपुढे समुद्रातील रासायनिक दूषिततेचा विषय मांडणे काहीसे विचित्रच वाटावे. प्रस्तुत लेखकाने मागे एका शेतकरी मेळाव्यात हा विषय काढला असता एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने सरळ विचारले, “साहेब, आमच्या हिरीचं पाणी कुणी तपासंना, अन् समुद्राचं कामून तपासायलेत?” सभेत हशा पिकला. परंतु प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगे नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम पाण्याची वाट पाहू. बोरी परिसरात पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी करपरा नदीस मिळतो व पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे जातो. पूर्णा नदी परभणी जिल्ह्यातच पूर्णा तालुक्यात गोदावरीस मिळते. तेथून विष्णुपुरीचा जलाशय, नांदेड, बाभळीचा बंधारा, तेलंगणातील श्रीरामसागर, भद्राचलम्, पापी टेकड्यांची घळ व राजमहेंद्री असा प्रवास करून हे पाणी दवळेश्वरम् येथील बंधाऱ्याशी पोचते. सर आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पुरा केलेल्या मूळ बंधाऱ्याच्या जागी आज नवा बंधारा उभा आहे. त्याच्या खाली गोदावरीचे फाटे होतात, आणि यानम, अंतर्वेदी इत्यादी ठिकाणी ते बंगालच्या उपसागरास मिळतात. त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर असून तिचे खोरे तीन लक्ष चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. या खोऱ्यातील कोणत्याही शेतात टाकलेला, परंतु पिकाने न घेतलेला आणि वाटेत कोठे न अडलेला पदार्थ शेवटी याच मुखाशी जातो. त्या मुखाशी कोरिंगा येथे खारफुटीचे विस्तीर्ण वन आहे. कोळंबी, खेकडे व मासळी यांची पिले त्या वनाच्या मुळांच्या आसऱ्याने वाढतात. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारी पुलसा मासळी आंध्र प्रदेशात मोठ्या किमतीस विकली जाते. तिच्यावर पोट असणारे कोळी बोरीचे नावही जाणत नाहीत. बोरीकरांस त्यांची वार्ता नाही. पाणी मात्र दोघांचे एकच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोरीच्या शेतातील युरियाने आंध्रातील कोळंबी मरते, असे कोणी म्हणेल तर ती अतिशयोक्ती होईल. वाटेत धरणे आहेत. ती गाळ अडवितात, आणि गाळास चिकटलेली द्रव्येही गाळाबरोबर तेथेच बसतात. धरणांनी गाळ इतका अडविला आहे की गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील किनारा काही ठिकाणी झिजू लागला आहे. नत्राचा काही भाग सूक्ष्म जीव वायुरूपाने हवेत सोडतात, आणि बरीचशी औषधे उन्हाने व जिवाणूंच्या क्रियेने विघटित होतात. असे असूनही समुद्रात जे पोचते ते थोडे नाही, हे पुढील हकिकतीवरून दिसून येईल. आणि जे समुद्रात पोचत नाही ते कोठे राहते? ते आपल्या नाल्यात, तळ्यात आणि विहिरीत राहते. समुद्राच्या तपासणीचा शेतकऱ्यास उपयोग आहे तो या कारणाने.

रसायने अन्नसाखळीने कशी चढत जातात, हे जगास प्रथम पाण्यातील जीवांनीच दाखविले. डी.डी.टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली शोधला व त्याबद्दल त्यांस १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ साली सुरू झालेल्या हिवताप नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घरोघरी डी.डी.टी. फवारली गेली व लाखो जीव वाचले, ही गोष्ट विसरता कामा नये. त्याच सुमारास शेतात डी.डी.टी. व बी.एच.सी. या भुकट्या धुरळण्याची चाल पडली. गॅमेक्झिनच्या भुकटीचा तो वास गावोगावच्या वृद्धांस आजही आठवतो. पुढे १९६७ साली अमेरिकेतील लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील खारपट दलदलीत शास्त्रज्ञांनी जिवांची क्रमवार तपासणी केली. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांत डी.डी.टी.चे अंश दहा लाख भागांत ०.०४ भाग होते. प्लवक खाणाऱ्या जीवांत ते वाढलेले, त्यांना खाणाऱ्या माशांत आणखी वाढलेले, आणि मासे खाणाऱ्या एका कुरव पक्ष्याच्या शरीरात ते ७५ भाग आढळले. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत जवळजवळ दोन हजार पट वाढ! याचे कारण असे की हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. एकदा शरीरात शिरले की ते मलमूत्रावाटे सहसा बाहेर पडत नाही. जो जितके अधिक खातो आणि जितका अधिक जगतो, त्याच्या वाट्यास ते तितके अधिक येते. माणूस या साखळीच्या वरच्या टोकाशी बसलेला आहे, हे येथे सांगावयास नकोच.

पाऱ्याची कथा याहून दारुण आहे, आणि ती शेतीशी थेट संबंधित असूनही आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जपानमधील मिनामाता या कोळीवस्तीत १९५६ साली एक विचित्र आजार उघडकीस आला. प्रथम मांजरे झिंगल्यासारखी नाचू लागली व मरू लागली; मग माणसांचे हातपाय लटपटू लागले, दृष्टी व वाचा जाऊ लागली, मुले जन्मतःच अपंग निपजू लागली. जवळच्या रासायनिक कारखान्यातून खाडीत सोडलेला पारा सेंद्रिय रूपाने मासळीत साठला होता व तीच मासळी कोळ्यांचे रोजचे अन्न होती. आजार दिसल्यापासून सरकारने हे कारण अधिकृतपणे मान्य करीपर्यंत १२ वर्षे लोटली. सेंद्रिय पारा शेतातही वापरला जात होताच. अ‍ॅग्रोसान, सेरेसान या नावांची पारायुक्त बीजप्रक्रियेची औषधे एकेकाळी कृषी खात्याच्या शिफारशीत असत. इराकमध्ये १९७१-७२ साली अशाच औषधाने माखलेले गव्हाचे बियाणे पेरण्याऐवजी दळून त्याच्या रोट्या खाल्ल्या गेल्या, आणि रुग्णालयांत नोंदलेले मृत्यूच ४५९ झाले. आपल्या देशात पारायुक्त बीजप्रक्रियेचे अखेरचे औषधही २०१८ सालच्या आदेशाने बंद झाले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाऱ्याचा माग कसा लागला, हे पाहण्यासारखे आहे. उल्हास नदीची खाडी व ठाण्याची खाडी यांच्या काठी गेल्या शतकात कारखान्यांची दाटी झाली. मिठापासून कॉस्टिक सोडा व क्लोरिन तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा उपयोग होत असे, आणि त्यातील काही पारा सांडपाण्याबरोबर जाई. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतील गाळाचे उभे नमुने काढले. गाळ थरावर थर बसत जातो. खालचा थर जुना, वरचा नवा. जुन्या विहिरीच्या काठावरून तिच्या तळाकडे पाहिले असता मातीचे थर जसे दिसतात तसाच हा प्रकार. कोणत्या थरात किती पारा आहे हे मोजले म्हणजे कोणत्या काळात किती पारा आला याचे टिपणच हाती येते. पाणी वाहून जाते. गाळ मात्र साक्षीदार म्हणून राहतो. देशातील कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत सोडून पटलाची नवी पद्धत स्वीकारण्यामागे असल्या मोजमापांचा मोठा वाटा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ही संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. मुंबई, कोची व विशाखापट्टणम् येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत, आणि त्यांपैकी विशाखापट्टणम्‌च्या केंद्राने गोदावरीच्या मुखाचा सतत अभ्यास चालविला आहे. किनाऱ्याच्या पाण्याची नियमित तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९१ साली सुरू झाला. आज तो चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राकडे आहे. राज्यापुरते पाहता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली, म्हणजे केंद्राचा १९७४ सालचा जलप्रदूषण कायदा होण्यापूर्वीच, अस्तित्वात आले होते.

तपासणी तीन ठिकाणी होते: पाण्यात, गाळात व जिवांत. पाण्याचा नमुना त्या घटकेची स्थिती सांगतो. भरतीच्या वेळी घेतला तर एक आकडा, ओहोटीच्या वेळी घेतला तर दुसरा. गाळाचे महत्त्व वर सांगितलेच. तिसरी रीत मोठी चतुराईची आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली असे सुचविले की समुद्रावर पहारा ठेवण्यासाठी शिंपल्यांचा उपयोग करावा. शिंपला जागा सोडत नाही. तो तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळून त्यातील अन्नकण खातो, आणि पाण्यातील विषारी द्रव्ये त्याच्या मांसात साठत जातात. पाण्यात जे द्रव्य यंत्रासही जेमतेम सापडते ते शिंपल्यात स्पष्ट सापडते. पुढे आशिया खंडातील किनाऱ्यांवर अशी पाहणी झाली. तीत भारताच्या किनाऱ्यावरील हिरव्या शिंपल्यांत, ज्यांस गोव्यात व तळकोकणात शिणाणे म्हणतात, डी.डी.टी. व बी.एच.सी.चे अंश आढळून आले. किनाऱ्यावर कोणी कापूस पिकवीत नाही. ही द्रव्ये नद्यांनी व हवेने आतल्या मुलखातून आणि हिवतापाच्या फवारणीतून तेथे गेलेली होती. शेतीत डी.डी.टी.चा वापर १९८९ साली बंद झाला, बी.एच.सी. १९९७ साली बंद झाली, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. तरीही मातीत व गाळात या द्रव्यांचे अंश वर्षानुवर्षे सापडत राहतात. आजोबांनी धुरळलेली भुकटी नातवाच्या काळात मोजली जात आहे, असा याचा अर्थ.

द्रव्य सापडले, पण ते धोक्याचे किती? येथे शास्त्रज्ञ एक साधे गणित करतात. प्रयोगशाळेत मासे, पाणपिसवा, शेवाळ अशा जिवांवर त्या द्रव्याची परीक्षा घेऊन ज्या प्रमाणात कसलाही अपाय होणार नाही असे प्रमाण ठरवितात. पुरावा अपुरा असेल तर सावधगिरी म्हणून त्या प्रमाणास दहाने, शंभराने किंवा हजारानेही भागतात. मग समुद्रात प्रत्यक्ष सापडलेल्या प्रमाणास या सुरक्षित प्रमाणाने भागावयाचे. उत्तर एकापेक्षा कमी आले तर काळजीचे कारण थोडे; एकाहून अधिक आले तर अधिक तपास अवश्य. या गणितात सर्व द्रव्ये सारखी ठरत नाहीत. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे माणसास त्या मानाने कमी विषारी. परंतु लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढ्यानेही मासे मरू शकतात. कोळंबीस तर त्याहूनही कमी पुरते. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहून औषध सौम्य की जहाल हे आपण ठरवितो. तो रंग सस्तन प्राण्यांवरील परिणामावरून दिलेला असतो. मासळीस तो लागू पडत नाही, ही गोष्ट फवारणी करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते.

खतांची गोष्ट निराळी. नत्र हे विष नव्हे, ते अन्न आहे, आणि अपाय त्यामुळेच होतो. पाण्यात नत्र व स्फुरद वाढले की शेवाळ व प्लवक माजतात. ते मरून तळाशी बसतात व कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. मग तेथे मासा जगू शकत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदी मक्याच्या शेतांतील नत्र मेक्सिकोच्या आखातात नेऊन ओतते. तेथील प्राणवायुहीन पट्टा दर उन्हाळ्यात मोजला जातो. २०१७ साली तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्याच्या तिपटीहून मोठा भरला. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी निसर्गतःच वर येते. गोव्याच्या संस्थेने कांदोळीजवळ अनेक वर्षे नियमित नमुने घेतले. १९९९ साली तेथे प्राणवायू संपून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू आढळला. मूळ कारण नैसर्गिक असले तरी जमिनीवरून येणाऱ्या नत्राने त्यात भर पडत असावी, असे मत शास्त्रज्ञांनी २००० साली मांडले. बंगालच्या उपसागरात, म्हणजे आपली गोदावरी जेथे जाते तेथे, मधल्या खोलीत सुमारे ६०,००० चौरस किलोमीटरांचा अत्यल्प प्राणवायूचा प्रदेश असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे प्राणवायूचा लवलेश अजून शिल्लक आहे. तेवढ्यावरच समुद्रातील नत्राचा तोल टिकून आहे, आणि नद्यांतून येणारे नत्र वाढत गेले तर तो बिघडू शकतो.

आता बोरीच्या विहिरीकडे येऊ. समजा, विहिरीचा व्यास ६ मीटर आहे व तीत ६ मीटर पाणी आहे. म्हणजे सुमारे १,७०,००० लिटर पाणी झाले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. हिशेब केला असता या साऱ्या पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पावणेदोन किलो नत्र, अर्थात जेमतेम पावणेचार किलो युरिया पुरतो! युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत नत्र भरते २०.७ किलो, आणि पिके त्यातील साधारणतः ३० ते ५० टक्केच घेतात. उरलेल्यापैकी काही हवेत उडते, काही मातीत राहते, काही पाण्याबरोबर जाते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात-हात खोल भेगाळते. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी त्या भेगांतून मुरण्याआधीच खाली धावते, आणि त्याबरोबर नत्रही जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालात महाराष्ट्रातील एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले आहे. त्यास केवळ युरिया कारण नाही. विहिरीच्या काठाशी असलेला उकिरडा व शौचालयाचा खड्डा हेही तितकेच दोषी असतात. सहा महिन्यांच्या आतील बाळास वरचे दूध अशा पाण्यात कालवून पाजले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व ते निळे पडू लागते. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने ते उलट अधिकच दाट होते.

कीटकनाशकाचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे. युरोपीय देशांत पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या विहिरीतील १,७०,००० लिटरांस हे प्रमाण म्हणजे अवघे १७ मिलिग्रॅम होतात. ज्या मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के तीव्रतेचे द्रावण कापसावर वर्षानुवर्षे फवारले गेले, आणि जे बंद करण्याची अधिसूचना केंद्र सरकारने २०२३ साली काढली, त्याच्या एका थेंबात इतके विष असते. एक थेंब! विहिरीच्या काठावर पंप धुणारा मनुष्य किती थेंब सांडतो याचा विचार ज्याने त्याने करावा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना शेकडो लोकांस विषबाधा झाली व वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. विषाचा पहिला घास माणूसच असतो, समुद्र सर्वांत शेवटी येतो. समुद्रात जे सापडते त्यावरून शिवारात काय घडले असेल याची कल्पना करावी.

अपघाताने थेट समुद्रात औषधे पडल्याचेही उदाहरण आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले व मालाच्या शेकडो पेट्या पाण्यात पडल्या. जहाजावरील काही पेट्यांत कीटकनाशके होती. पाणी व मासळी यांचे नमुने तपासले जाईपर्यंत मुंबईत मासळीची विक्री मंदावली, आणि त्याचा फटका कोळणींस बसला. मोजमाप झाल्याशिवाय भीतीही खरी की खोटी हे कळत नाही.

शेतकऱ्याने करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. फवारणीचा पंप, बादली व मापे विहिरीवर, हातपंपाजवळ किंवा नाल्यात धुऊ नयेत. रिकामा डबा त्याच वेळी तीनदा विसळावा व ते विसळण पंपातच ओतून पिकावर फवारून टाकावे. नंतर डब्यास भोक पाडावे, म्हणजे तो तेल-पाण्यास कोणी वापरणार नाही. आकाश भरून आले असता फवारणी करू नये. औषध, मजुरी व पाणी तिन्ही वाया जातात. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत, व सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडू लागले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली तरच फवारणीचा विचार करावा. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्काने पुष्कळदा काम भागते. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारणे, हा जो प्रघात पडला आहे तो मात्र कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, जमिनीत ओल असताना व मातीआड करून द्यावा. सोयाबीनसारख्या द्विदल पिकास तर त्याची गरज थोडीच असते; मुळांवरील गाठी आपले काम करतात. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी केल्यास पाणी सरीत मुरते व माती वाहत नाही. नाल्याच्या काठाने दोन-तीन मीटर रुंदीचा गवताचा पट्टा नांगराविना सोडावा. मातीस चिकटलेला स्फुरद व पायरेथ्रॉइडसारखी औषधे या पट्ट्यात बरीच अडतात, आणि गुरांस चाराही मिळतो. अर्धा तास जमीन वाचविण्यासाठी काठापर्यंत नांगर घालणारे शेतकरी पुढच्याच पावसात तिच्या दुप्पट माती नाल्यात घालवितात, हे बोरीच्या ओढ्यांवर कोणासही पाहावयास मिळेल.

राहिला त्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न: विहीर कोण तपासणार? शिंपल्यासारखे पहारेकरी आपल्या नाल्यातही आहेत. बेडूक, खेकडे, गोगलगाई, चतुरांची पिले नेहमीच्या जागी आहेत की नाहीत, हे गुराख्याच्या मुलासही सांगता येते. फवारणीच्या दिवसांत लहान मासळी पोट वर करून तरंगू लागली, तर त्या पाण्यावर गुरे नेऊ नयेत. मात्र पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात केवळ प्राणवायू कमी पडल्यानेही मासळी मरते. तेव्हा लगेच कोणा शेजाऱ्याच्या नावाने खडे फोडू नयेत, नमुना घ्यावा. पाणी, आणि शक्य तर मेलेली मासळीही, त्याच दिवशी बर्फात ठेवून द्यावी.

नायट्रेटची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना पाठविता येतो. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. पाणी वरच्या तवंगाचे न घेता हातभर खालून घ्यावे, बाटली सावलीत ठेवावी व २४ तासांच्या आत पोचवावी. कीटकनाशकांसाठी हा साधा संच चालत नाही. त्यास गॅस क्रोमॅटोग्राफसारखी यंत्रे लागतात, व नमुना गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घ्यावा लागतो, कारण काही द्रव्ये प्लॅस्टिकला चिकटतात. अशी तपासणी कृषी खात्याच्या पुणे येथील कीडनाशक अंश प्रयोगशाळेत होते. तीसाठी आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांशी बोलून मगच नमुना घ्यावा.

वर्षातून दोन वेळा नमुना घेतला तर पुरे: एकदा मे महिन्यात, विहिरीत पाणी खोल गेलेले असताना, आणि एकदा सप्टेंबरात, पाऊस व फवारण्या संपत आल्या असताना. बाटलीवर गट क्रमांक, तारीख, विहिरीची खोली, पाण्याची पातळी व गेल्या महिन्यात आसपास कोणते औषध फवारले गेले हे पेन्सिलीने लिहावे. शाई ओल्याने पुसते. आकडे एका वहीत उतरून ठेवावेत. तीन वर्षांची वही असली की मे व सप्टेंबर यांच्या आकड्यांतील फरक आपोआप दिसू लागतो.